जिवंतासाठी घाई, मृतासाठी सबुरी: मुंबईतल्या बचाव स्वयंसेवकाचं काम

प्रश्न: मी 26 वर्षांची, घाटकोपर पूर्वेला राहते, खासगी कंपनीत नोकरी करते. 13 मे 2024 ला वादळी वाऱ्यात छेडानगरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, त्या संध्याकाळी मी तिथे पोचले होते. पोलीस गर्दीला मागे सारत होते आणि मी नुसती उभी राहिले. ते अजून मनातून जात नाही. इस्रायलमध्ये झाका नावाची स्वयंसेवकांची संस्था जखमींना मदत करते आणि मृतांना सन्मानानं उचलते, असं वाचलं. मुंबईत हे काम कोण करतं? माझ्यासारखीला घेतात का? मृतदेहाला हात लावावा लागतो का? आई ऐकूनच घाबरली आहे.

उत्तर:

ताई, मृतदेहाला हात लावावा लागतो का, याचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. हो, लावावा लागतो. सुरुवातीला कुणी लावू देणार नाही, पण बचावपथकात यायचं आणि फक्त जिवंत माणसालाच उचलायचं, असं ठरवून येता येत नाही. ढिगाऱ्याखालचा माणूस हाताला लागेपर्यंत तो श्वास घेतोय की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय पहिल्या रात्री मदतीला हवी तेवढी माणसं धावतात. तिसऱ्या दिवशी पाऊस लागलेला असतो, वास सुटलेला असतो, वाहिन्यांच्या गाड्या निघून गेलेल्या असतात, आणि घरची माणसं मात्र तिथेच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून असतात. त्यांच्या दृष्टीनं काम पहिल्या रात्रीइतकंच बाकी असतं. मी वीसएक वर्षं भांडुप-मुलुंड भागात नागरी संरक्षण दलाबरोबर आणि सह्याद्रीत गिर्यारोहकांबरोबर हे काम करतो आहे. माझ्या मते यातली सगळ्यात अवघड गोष्ट ही आहे: जिवंत माणसासाठी घाई करायची आणि मृतासाठी अजिबात करायची नाही. दोन्ही एकाच जागी, कधी कधी एकाच तासात करावं लागतं.

त्या संध्याकाळची बोच आधी काढून टाका. सुमारे 120 फूट बाय 120 फुटांचा तो लोखंडी सांगाडा, आणि त्याच्याखाली पेट्रोल पंप. लोखंड कापायचं तर गॅस कटर हवा, आणि खाली इंधन असताना एक ठिणगी पडली तर अडकलेले आणि सोडवणारे दोघंही गेले असते. त्यामुळे एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) आणि अग्निशमन दलाच्या जवानांनाही हाताशी असलेलं हत्यार वापरता येईना. क्रेन लावून, जागा करून, सरपटत आत जावं लागलं. काम तीन दिवस चाललं, 17 माणसं गेली. तिथे शे-दोनशे माणसं उघड्या हातांनी घुसली असती तर काय झालं असतं याचा विचार करा. पोलिसांनी तुम्हाला मागे सारलं ते योग्यच होतं. मात्र दोरीच्या बाहेरही काम होतं, आणि त्याला शिकलेलं माणूस लागतं. रुग्णवाहिकेला आत-बाहेर करायला एक गल्ली मोकळी ठेवणं हे एक. दुसरं त्याहून मोलाचं: आपलं माणूस आत आहे म्हणून जे रडत फिरत असतात त्यांना एका जागी बसवून कागदावर लिहून घेणं. कोण, वय काय, गाडी कुठली, नंबर काय, अंगावर काय होतं, शेवटचा फोन किती वाजता झाला, तेव्हा तो पंपाच्या कुठल्या बाजूला होता. शोधणाऱ्याच्या हातात ती यादी आली की अंदाधुंद शोध थांबतो.

आता मुंबईत हे काम कोण करतं ते सांगतो. ते एका संस्थेच्या नावावर नाही, वाटलं गेलेलं आहे. शहरात पहिली हाक अग्निशमन दलाला. मोठी दुर्घटना असली तर एनडीआरएफ. त्यांच्या पाचव्या बटालियनचं मुख्यालय तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे आणि मुंबईत त्यांचं पथक असतं. मृतदेहाची कायदेशीर जबाबदारी पोलिसांची, रुळांवर लोहमार्ग पोलिसांची. समुद्रात तटरक्षक दल, जीवरक्षक आणि कोळी बांधव. घाटात आणि गडांवर गिर्यारोहकांची पथकं: लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स ही नावं पोलीस ठाण्यांना पाठ आहेत. या सगळ्यांच्या मधे जी फट उरते, तिथे आपण.

आणि ती फट पहिल्या तासात सगळ्यात मोठी असते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बहुतेक ठिकाणी वाहन पोचूच शकत नव्हतं. लोकांना लोकांनीच दोऱ्या बांधून बाहेर काढलं. 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्याच चादरींचे स्ट्रेचर करून जखमींना रस्त्यापर्यंत आणलं. 30 जुलै 2014 ला माळीण गाव गाडलं गेल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या. पहिली मदत नेहमी तिथेच असलेल्या माणसाची असते. आपदा मित्र (नागरिकांना आपत्तीत मदतीसाठी तयार करणारी सरकारी योजना) असो की नागरी संरक्षण दल, सगळं प्रशिक्षण त्याच माणसाला थोडं अधिक जाणतं करण्यासाठी आहे. न शिकता धावण्याची किंमतही मोठी असते. 1985 च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात उत्स्फूर्त स्वयंसेवकांनी सुमारे 800 माणसं जिवंत काढली आणि त्या खटाटोपात त्यांतले सुमारे 100 जण मेले, हा दाखला प्रशिक्षणांत अनेकदा देतात. मी तो देतो तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो.

प्रत्यक्ष काम कसं असतं ते दाखवतो. आपल्याकडे विक्रोळी, भांडुप, चेंबूर, असल्फा या टेकड्यांच्या अंगावर वस्त्या आहेत. पावसाळ्यात पहाटे संरक्षक भिंत किंवा दरड खाली येते, दोन-तीन खोल्या गाडल्या जातात. गल्ली तीन फुटांची. पोकलेन सोडा, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. त्यामुळे चिखल, विटा, पत्रे सगळं घमेल्यांनी हातोहात खाली पोचवायचं. साखळीतल्या माणसानं जागा सोडायची नाही, घमेलं फेकायचं नाही, आणि दर वीस मिनिटांनी पुढचा माणूस मागे, मागचा पुढे. तुम्हाला पहिल्यांदा उभं करतील ते इथे. हे काम कमी दर्जाचं समजू नका. साखळी तुटली की पुढे खणणाऱ्याच्या पायाशीच ढीग साचतो आणि तो स्वतः अडकतो.

पण घमेलं हातात घेण्याआधी एक गोष्ट करतो. शेजारच्या खोलीतल्या बाईला विचारतो. अशाच एका पहाटे एका मावशींनी मला कोळशाच्या तुकड्यानं भिंतीवर पलीकडचं घर काढून दाखवलं: हा दरवाजा, ही मोरी, इथे गॅस, इथे पलंग, आणि पलंगावर माणसं झोपतात ती डोकं दाराकडे करून, कारण पंखा तिकडे आहे. म्हातारा वर माळ्यावर झोपतो, पण काल गुडघा दुखत होता म्हणून खाली झोपला असेल. अंधारात, पावसात, छातीत धडधडत असताना त्या बाईनं ते सांगितलं आणि आम्ही मधून न खणता डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. मुलगी पलंग आणि लोखंडी कपाट यांच्या सांध्यात होती. जिवंत. म्हातारा दुपारी मिळाला, खालीच.

या कामात शिट्टीची भाषा असते, ती आजच पाठ करा. जगभर तीच आहे. एक लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी थांबायचं, गप्प व्हायचं. तीन छोट्या म्हणजे ताबडतोब बाहेर पडायचं. एक लांब, एक छोटी म्हणजे काम पुन्हा सुरू. लांब शिट्टी झाली की जनरेटर बंद, कटर बंद, वॉकीटॉकी बंद, वरच्या गल्लीतल्या गर्दीलाही हात जोडून गप्प करायचं. मग एकजण पोकळीत तोंड घालून हाक मारतो: कोणी आहे का, आवाज येत असेल तर भिंतीवर तीनदा वाजवा. आणि सगळे ऐकतात. मुंबईत शांतता मिळवणं हे दगड उचलण्यापेक्षा कठीण आहे. मोठ्या पथकांकडे कंपनं टिपणारी यंत्रं आणि फटीत घालायचे कॅमेरे असतात, पण तेही गोंगाटात निकामी ठरतात. म्हणून गर्दी सांभाळणारा स्वयंसेवक हा शोधकार्याचाच भाग आहे. 24 ऑगस्ट 2020 ला महाडची इमारत कोसळली, तिथे चार वर्षांचा मुलगा सुमारे एकोणीस तासांनी जिवंत निघाला. इतक्या उशिरानंही माणूस मिळतो, हे डोक्यात ठेवूनच प्रत्येक वेळी शिट्टी वाजवायची.

जिवंत माणूस दिसला की सगळ्यांचा जीव त्याला ओढून काढायला धावतो. इथे घाई हवी, पण आंधळी नको. मांडीवर तुळई पडून माणूस चार-पाच तास दबलेला असेल, बोलत असेल, पाणी मागत असेल, तरी तुळई एकदम उचलायची नाही. दबलेल्या स्नायूंत पोटॅशियम आणि इतर विषारी द्रव्यं साचलेली असतात. दाब सुटला की ती रक्तात पसरतात आणि हृदय थांबू शकतं. डॉक्टर किंवा पॅरामेडिक आत जाऊन आधी सलाइन सुरू करतो, मग तुळई हलते. घरच्यांना ते कळत नाही, ते ओरडतात. त्यांना समजावणारं माणूस तिथे लागतं, आणि बहुतेक वेळा ते शांत आवाजाच्या बाईला अधिक चांगलं जमतं, असा माझा अनुभव आहे. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरलेला माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, हा नियम तर रक्तानं लिहिलेला आहे. तिथला हायड्रोजन सल्फाइड वायू दोन श्वासांत माणूस पाडतो. पहिल्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा उतरतो आणि एकाच घरातले तिघे जातात. तिथे 101 ला फोन करायचा, झाकण उघडं ठेवायचं, आणि गरज पडली तर उतरू पाहणाऱ्याला कमरेला मिठी मारून धरायचं. पाणी भरलेल्या तळमजल्यात मीटरची वीज तोडल्याची खात्री झाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. रेल्वे रुळांवर तर बोलावल्याशिवाय जायचंच नाही. वर 25 हजार व्होल्टची तार आहे आणि शेजारच्या मार्गावर गाडी चालू असते. उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात. त्यांना रुळांवरून उचलणारे हमाल आणि लोहमार्ग पोलीस हे या शहरातले सगळ्यात जास्त मृतदेह हाताळणारे लोक असतील. त्यांच्याकडे बघून शिकण्यासारखं खूप आहे, आणि त्यांची कदर फार कमी होते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, मृतांकडे. माणूस गेलेला आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, की घाई संपली. तिथून पुढे जे काही कराल ते घरच्यांना त्यांचं माणूस, आणि त्यांचंच माणूस, परत मिळावं यासाठी. ओढाताण केली, दोन ठिकाणचे अवशेष एका पिशवीत घातले, खिशातलं पाकीट 'सांभाळून ठेवतो' म्हणून काढून घेतलं, तर ओळख पटण्याचा धागा तिथेच तुटतो. म्हणून पोलिसांच्या सांगण्याशिवाय मृतदेह जागेवरून हलवायचा नाही. फक्त आग, पाणी किंवा कोसळण्याचा धोका असेल तर, आणि तेव्हाही आधी फोटो. प्रत्येकाला एक क्रमांक. तो क्रमांक न पुसणाऱ्या शाईनं टॅगवर लिहून मनगटाला किंवा घोट्याला बांधायचा, तोच पिशवीवर, तोच वहीत: कुठे मिळाला, किती वाजता, पालथा की उताणा, शेजारी काय होतं. आपल्या शहरात एका दुर्घटनेनंतर मृतांच्या कपाळावर आकडे लिहिले गेले आणि लोक संतापले. तो संताप रास्त होता. आकडा टॅगवर असतो, माणसाच्या चेहऱ्यावर नाही.

सुटा अवयव मिळाला तर त्याला स्वतंत्र क्रमांक. शेजारच्या देहाचाच असेल असं कितीही वाटलं तरी जोडायचा नाही. ते काम बोटांचे ठसे, दात आणि डीएनए करतात. अंगावरचं काही काढायचं नाही. अंगठी, बांगडी, गळ्यातलं, रेल्वेचा पास, पायात उरलेली एक चप्पल, सगळं तसंच. पंचनाम्यात पोलीस 'पिवळ्या धातूची बांगडी' असं लिहितात, सोन्याची लिहीत नाहीत, कारण तिथे कुणी कसोटी लावलेली नसते; तुम्हीही वहीत दिसतं तेवढंच लिहा. चेहरा पाहून ओळख पटवणं बिनधोक वाटतं, पण ढिगाऱ्यातून किंवा पाण्यातून निघालेला चेहरा बदललेला असतो आणि घरचं माणूस आशेपोटी किंवा भीतीपोटी चुकीच्या देहाला आपलं म्हणतं. मग दोन घरं फसतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं 2010 मध्ये मृतांच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती पथकात येण्याआधी वाचा. आणखी एक समज काढून टाका: भूकंपात, दरडीत, पुरात दगावलेल्यांच्या देहांमुळे साथ पसरते, हे खरं नाही. ती माणसं जखमांनी किंवा बुडून गेलेली असतात, साथीच्या रोगानं नाही. हातमोजे, गमबूट, साबणानं हात धुणं एवढी काळजी उचलणाऱ्यानं स्वतःसाठी घ्यायची. साथीच्या भीतीनं देह घाईघाईत, ओळख न पटवता एकत्र जाळणं किंवा पुरणं हा जिवंत राहिलेल्यांवरचा अन्याय आहे.

आणि झाकायचं. पिशवी आली नसेल तर चादर, चादर नसेल तर ओढणी, ताडपत्री, काहीही. बाईचा देह असेल तर आडोसा धरायला बाया उभ्या राहतात, आणि पथकात बाई असली तर घरच्यांच्या जिवाला किती बरं वाटतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. एवढ्यासाठी तरी तुम्ही यावं असं मला वाटतं. मोबाइलवर फोटो फक्त नोंदीसाठी, ज्याला नेमलंय त्यानंच काढायचा. तो पथकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही जात नाही. एखाद्या आईला मुलगा गेल्याचं फॉरवर्ड झालेल्या फोटोवरून कळावं, याहून वाईट काही नाही.

समुद्राचं आणि खाडीचं काम वेगळं आहे आणि त्यात आपण कोळ्यांचे शागीर्द. बुडालेला देह आधी तळाला जातो. आपल्याकडच्या उबदार पाण्यात दोन-तीन दिवसांत वर येतो. कुठे वर येईल हे भरती-ओहोटीवर, वाऱ्यावर आणि तिथीवर. उधाणाच्या भरतीत (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास) ओढ जास्त, भांगाच्या भरतीत (अष्टमीच्या सुमारास) कमी. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथी विचारतात, बुडाल्याची वेळ विचारतात आणि बोट दाखवतात. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात एल्फिन्स्टन भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडलेले डॉक्टर दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याला मिळाले. शहराचं पाणी कुठून कुठे जातं याचा नकाशा डोक्यात असल्याशिवाय कुठे शोधायचं ते कळत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला, त्यात एसटीच्या दोन गाड्या होत्या; देह कितीतरी किलोमीटर खाली खाडीच्या, समुद्राच्या काठांवर मिळत राहिले आणि गावोगावच्या लोकांनी ते शोधून दिले. स्वयंसेवकानं पाण्यात उतरायचं नाही, काठ वाटून घ्यायचे आणि चालायचं.

डोंगरातलं सांगतो, कारण तिथे थांबायला शिकावं लागतं. जुलै 2018 मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, एकच जण वाचला. बाकी सगळ्यांना ट्रेकर्सनी दोर लावून, धुक्यात आणि पावसात, एकेक करून वर आणलं. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. वर जायला पायवाटच होती, यंत्र जाणं शक्य नव्हतं, चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी हृदयविकारानं गेले. 27 देह मिळाले आणि चौथ्या दिवशी शोध थांबवला गेला. 57 माणसं तिथेच राहिली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हात टेकले. पण चिखल हलत असताना, पाऊस थांबत नसताना आणखी खणणं म्हणजे शोधणाऱ्यांना त्यात घालणं. तो निर्णय प्रशासन गावकऱ्यांशी बोलून घेतं, आपण घेत नाही. पण त्या दिवशी खाली निवाऱ्यात जाऊन नातेवाइकांजवळ बसणं हे आपलं काम आहे. देह मिळाला नाही तर दुःख तर असतंच, त्यावर कागदही अडतात. बेपत्ता माणूस मृत मानायला कायद्यानं एरवी सात वर्षं लागतात; आपत्तीत सरकार वेगळा आदेश काढतं तेव्हा दाखला, विमा, मदत मिळते. तो आदेश निघाला का, अर्ज कुठे करायचा, हे सांगणारा माणूस त्या घराला किती महिने लागतो, याची कल्पना बाहेरच्यांना नसते. माझ्या ओळखीचे दोन स्वयंसेवक आता फक्त हेच करतात.

झाकाबद्दल. नमुना म्हणून तुम्ही त्यांच्याकडे बघता ते बरोबर आहे. 1989 मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर बसवर झालेल्या हल्ल्यानंतर काही धार्मिक तरुण देह गोळा करायला पुढे आले, त्यातून पुढे ही संस्था उभी राहिली. ज्यू धर्मात सांडलेलं रक्तही देहाबरोबर पुरायचं असतं, म्हणून ते भिंतीवरचं, रस्त्यावरचं रक्तही टिपून घेतात. नोव्हेंबर 2008 मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये त्यांचे लोक आले होते. दुसऱ्याच्या मृताला आपला समजून वेचणं, हे त्यांच्याकडून घ्यावं. पण 2023 च्या ऑक्टोबरमधल्या हल्ल्यानंतर त्यांच्या काही स्वयंसेवकांनी माध्यमांना सांगितलेल्या काही गोष्टी पुढे तपासात टिकल्या नाहीत. त्यातूनही शिकण्यासारखं आहे. घटनास्थळी पाहिलेलं बाहेर सांगायचा अधिकार आपल्याला नाही, आणि पोलिसांना सांगायचं ते पाहिलं तेवढंच. आपल्याकडे एका ढिगाऱ्याखाली हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध सगळे असतात. कुणाला दहन, कुणाला दफन, कुणाला अंघोळ कोण घालणार याचे नियम, हे घरच्यांना विचारायचं. आपण गृहीत धरायचं नाही.

आता तुम्ही काय करायचं. तुमचं वय आपदा मित्र योजनेत बसतं, 18 ते 40 ची मर्यादा आहे. त्यात बारा दिवसांचं प्रशिक्षण, किट आणि विमा मिळत आला आहे. पुढची तुकडी निघणार आहे का, कधी आणि कोणत्या अटींवर, हे महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागात विचारा. 1916 वर फोन केला तरी कुणाशी बोलायचं ते सांगतील. पालिकेची परळला शहर आपत्ती व्यवस्थापन संस्था आहे, तिथे सामान्य नागरिकांनाही शिकवतात. नोकरी करून जमेल असं दुसरं म्हणजे नागरी संरक्षण दल, त्यांचे वर्ग तुमच्या भागातही होतात. डोंगराची आवड असेल तरच गिर्यारोहकांकडे जा, आणि आधी दोन-तीन पावसाळे नुसतं चढणं-उतरणं शिका. पथक निवडताना बाकी काही बघू नका, दोन गोष्टी बघा. काम संपल्यावर ते आपली माणसं मोजतात का, आणि नोंदवही ठेवतात का. मृतदेहाशेजारी उभं राहून फोटो काढून टाकणारं पथक असेल तर कितीही नाव असलं तरी पाऊल ठेवू नका.

मनाचं बोलायला हवं, कारण हे काम अंगात मुरतं. सगळ्यात जास्त वास मुरतो. काही दिवस जेवण जात नाही, झोपेत कुणीतरी हाक मारतं, लहान मुलाचं दप्तर दिसलं की पोटात कालवतं. हे सगळ्यांना होतं. मला अजून होतं. आमच्या पथकात नियम आहे: काम संपलं की थेट घरी जायचं नाही. अंघोळ, चहा, आणि प्रत्येकानं दोन वाक्यं तरी बोलायची. गप्प राहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोन जातो. दोन-तीन आठवड्यांनीही झोप येत नसेल तर समुपदेशकाकडे जायचं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मी सगळ्यांच्या फोनमध्ये घालायला लावतो, त्यावर मराठीत बोलता येतं. आणि 'मला आज जमणार नाही' हे म्हणायची मुभा प्रत्येकाला असते. ज्यांना देह उचलणं जमतच नाही ते यादी करतात, गर्दी सांभाळतात, शवागाराबाहेर नातेवाइकांसोबत रात्र काढतात. तेही पूर्ण पथकातलेच.

आईंना समजावत बसू नका, त्यांना प्रशिक्षणाचा एक दिवस बघायला घेऊन या. हेल्मेट कसं घालतात, परवानगीशिवाय कुणी एक पाऊल पुढे टाकत नाही, मोजणी कशी होते, हे पाहिलं की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी राहू द्या, ती त्यांचा हक्क आहे. फोनवर 'पोचले, सुरक्षित आहे' एवढा मेसेज त्यांना दर वेळी जाईल असं मात्र कबूल करा आणि पाळा.

आणि एक काम प्रशिक्षणाची वाट न बघता सुरू करा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि हेपॅटायटिस बी ची लस सुरू करा. ती तीन डोसांची असते: पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्याला. पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून चालून आलात तर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) गोळी घ्यायची असते, तीही 72 तासांच्या आत. पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरांना विचारून घ्या. पहिला डोस या आठवड्यात झाला, की आपदा मित्रच्या किंवा नागरी संरक्षण दलाच्या पुढच्या तुकडीसाठी नाव द्या.